मनगटावरचं नाव

विमानात नोकरी करायचं खूळ मुळात जयाचं. कल्पिताच्या डोक्यात असलं काही नव्हतं. खरं सांगायचं तर त्या वयात तिच्या डोक्यात फारसं काहीच नव्हतं, आणि त्याचं तिला काही वाईटही वाटत नव्हतं. आंबिवली स्टेशनच्या मागे तिच्या वडिलांची, काळुराम भोईरांची, चाळ होती. चाळीपुढे भोईरांचं स्वतःचं घर, आणि चाळीतल्या शेवटच्या खोलीत जया आईवडिलांबरोबर भाड्याने राहायची. एक घरमालकाची पोर, दुसरी भाडेकरूची. पण शाळेत म्हणा, क्लासला म्हणा, चतुर्थीला टिटवाळ्याच्या गणपतीला म्हणा, पुढे जया आणि मागे कल्पिता हे ठरलेलं.

जयाचे वडील, सहदेवकाका, विमानतळाच्या मालगोदामात हमालांवर मुकादम होते. येताना कधीकधी खिशातून विमानातल्या मीठ-मिरीच्या इवल्याशा पुड्या आणायचे. जया त्या फोडायची नाही, कपाटाच्या काचेला टेकवून ओळीने मांडायची. पुढे कधीतरी तिने मोबाईलवर विमानातल्या मुलींचे व्हिडिओ बघितले आणि मग रोज संध्याकाळी भोईरांच्या गच्चीवर विमान सुटायला लागलं. पाण्याच्या टाकीला पाठ लावून जया उभी राहायची. ओढणीची दोन टोकं एकमेकांत अडकवून पट्टा कसा लावायचा ते दाखवायची, मग दोन्ही हात लांब करून बोटांनी दारं दाखवायची. एक दार शेजारच्या बिल्डिंगकडे, दुसरं काळुरामशेठच्या गोठ्याकडे. कल्पिता म्हणजे प्रवासी. प्रवाशाने कुरमुरे खात ऐकायचं, एवढंच तिचं काम.

"लक्ष दे ना," जया ओरडायची. "उद्या खरंच आग लागली तर कुठल्या दाराने पळशील?"

"गोठ्याच्या," कल्पिता म्हणायची. "खाली निदान शेण तरी मऊ आहे."

आता त्या नावाची गोष्ट. दहावीच्या वर्षी नवरात्रात कल्पिताची आई लक्ष्मी दोघींना घेऊन ठाण्याला गेली, टेंभी नाक्याच्या देवीची ओटी भरायला. ती दरवर्षीच जायची, पण त्या वर्षी पोरी मोठ्या झाल्या म्हणून त्यांना गल्लीत थोडं मोकळं फिरू दिलं. बांगड्यांच्या, प्लास्टिकच्या फुलांच्या दुकानांपुढे एक गोंदणारा बसला होता. पुढ्यात नक्षीचे पुठ्ठे: विंचू, ॐ, बदाम, मोर. हातात घरघरणारं मशीन.

कल्पना कल्पिताची होती. हे महत्त्वाचं आहे, कारण पुढे तिने बऱ्याचदा स्वतःला समजवायचा प्रयत्न केला की कल्पना दोघींची होती. तर नव्हती. "एकमेकींचं नाव काढूया," कल्पिता म्हणाली. "मनगटावर. आयुष्यभर राहील."

"आई मारेल," जया म्हणाली.

"आमच्या आईच्या अख्ख्या हातावर आहे. तिला कोणी मारलं?"

"मग आधी तू."

"आधी तू गं. तुझ्या हातावर लांब नाव यायचंय, तुला वेळ लागेल."

या युक्तिवादात काही अर्थ नव्हता, पण जया बसली. उजवा हात पुढे केला, ओढणीचं टोक दातात धरलं. सुई चालायला लागली. पहिल्या अक्षराला रक्ताचे बारीक थेंब वर आले, मशीनवाल्याने ते कापसाने टिपले, परत आले, परत टिपले. जयाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसतही होती. 'कल्पिता' लिहून झालं. हिरवट निळं, वळणदार, थोडं सुजलेलं.

"चला ताई, तुमचा नंबर," मशीनवाला म्हणाला. "तुमचं तर दोनच अक्षरांचं काम."

कल्पिताने हात मागे घेतला. "पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "जया, नक्की. हे बघ, देवीच्या दारात बोलतेय. देवीची शपथ."

"भित्री भागूबाई," जया म्हणाली आणि सुजलेल्या हातावर फुंकर मारायला लागली. रागावली नाही. हीच जयाची खोड, ती रागवायची नाही.

रागावली असेल तर लक्ष्मी, आणि तीही लेकीवर. आपले कोपरापर्यंत गोंदलेले हात नाचवत ती म्हणाली, "माजी पोर भित्री निघाली गो. मेल्यावर दागिने हितंच रहातान, गोंदान तेवरा संगती येतं. जया, तुझे संगती आता हीच येल." आणि मोठ्याने हसली. पुढच्या वर्षी कल्पिताची परीक्षा होती. त्याच्या पुढच्या वर्षी काय होतं ते तिला आठवत नाही.

बारावीनंतर जयाने कल्याणला एका इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं, केबिन क्रूच्या कोर्सला. मिठाईच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, एका खोलीत विमानातल्या जुन्या खुर्च्यांची रांग आणून ठेवलेली. काळुरामशेठ म्हणाले, "आमची पण घरात बसून मोबाईल घासते. जाऊ दे जयाच्या सोबतीला." अशी कल्पिता सोबतीला गेली. जयाने तिला चालायला शिकवलं, इंग्रजीतल्या घोषणा पाठ करून घेतल्या, केसांचा अंबाडा जाळीत कसा बसवायचा ते शिकवलं. कल्पिताचा अंबाडा कायम एका बाजूला झुकलेला असायचा. जया तो सोडून परत बांधायची, आणि बांधताना डोक्यात टपली द्यायची.

पहिला मोठा इंटरव्ह्यू अंधेरीच्या एका हॉटेलात होता, ऐन मे महिन्यात. पहिल्यांदा भिंतीवर उंच खूण, तिथे बोटं टेकली पाहिजेत, कारण सामानाच्या कप्प्यापर्यंत हात पुरायला लागतो. जयाची बोटं खुणेच्या वर गेली. कल्पिताची थोडक्यात अडली.

"श्वास सोड," मागून जया कुजबुजली. "पोट आत नको घेऊ. खांदा वर कर, खांदा."

कल्पिताने खांदा वर केला आणि बोट टेकलं. त्या बोटावर तिची सगळी नोकरी उभी आहे, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

मग हात बघायची पाळी. जयाने मनगटाला फाउंडेशनचे थर लावले होते, वर पावडर. पण मे महिना, घाम, आणि रांग भली मोठी. टेबलापलीकडच्या बाईने हात उलटा केला, ओला टिश्यू घेतला आणि हलकेच पुसलं. नियम साधा होता: युनिफॉर्मबाहेर दिसणारं गोंदण चालत नाही. प्रवाशांनी अंगभर वाघ-सिंह काढून यावं, त्यांना हसून पाणी द्यायचं. पण पाणी देणाऱ्या हातावर अक्षर नको. नियम करणाऱ्यांची लीला, दुसरं काय.

"हू इज कल्पिता?" त्या बाईने विचारलं.

जयाचा चेहरा उजळला. तिला वाटलं, नाव विचारतायत म्हणजे काहीतरी चांगलंच आहे. "माझी मैत्रीण आहे, मॅम. ती बघा, तिकडे उभी आहे."

कल्पिता तिकडे, निवडलेल्या मुलींच्या घोळक्यात उभी होती. जयाने बोट दाखवलेलं तिने बघितलं. सगळ्यांनी वळून बघितलं. आणि कल्पिताने मान खाली घालून आपल्या ड्रेसवरचा नंबराचा कागद नीट करायला सुरुवात केली, जशी काही ती आणि ते नाव यांची ओळखच नाही.

बाहेर आल्यावर जयाने तिला उसाचा रस पाजला. "एकीचं तरी झालं ना," ती म्हणाली. ट्रेनिंगला जायची बॅगही तिनेच भरून दिली. बॅग भरताना तिच्या बाहीतून ते नाव दिसत होतं आणि कल्पिता कपड्यांच्या घड्या मोजल्यासारखं करत दुसरीकडे बघत होती.

कल्पिता नोकरीत वाईट निघाली असती तर बरं झालं असतं. निदान देवाने न्याय केला असं म्हणता आलं असतं. पण ती चांगली निघाली. ट्रेनिंगमध्ये विमानाच्या दारातून सुटणाऱ्या घसरगुंडीवरून उडी मारली, धुराच्या खोलीत डोळे मिटून दार शोधलं, पोहण्याच्या तलावात जाडजूड माणसाला ओढत काठाला आणलं. पहिल्याच उड्डाणात एका गृहस्थांच्या पांढऱ्या शर्टावर टोमॅटोचा रस सांडला आणि गॅलीत, विमानाच्या छोट्या स्वयंपाकघरात, जाऊन रडली. पण पुढे पुढे तिचा हात बसला. उतारूची नजर बघून त्याला भीती वाटतेय का मळमळतंय हे तिला कळायला लागलं. एकदा एका आजोबांना छातीत कळ आली तेव्हा ऑक्सिजन लावून, विमान उतरेपर्यंत त्यांचा हात धरून ती जमिनीवर बसून राहिली. पत्रं आली, कौतुक झालं. ती सीनियर झाली, मग अख्ख्या विमानाच्या क्रूची प्रमुख.

पण दार लावल्यावर, विमान धावायच्या आधी, छोट्या खुर्चीवर पट्टा बांधून बसलं की क्रूने मनातल्या मनात सगळं आठवायचं असतं: आग लागली तर काय, पाण्यात पडलो तर काय, कुठलं दार, कुठली आज्ञा. ते सगळं तिला जयाच्या आवाजात आठवायचं. कुठल्या दाराने पळशील?

जयाने दुसरीकडेही दोन-तीनदा प्रयत्न केला, सगळीकडे हात आडवा आला. मग डोंबिवलीला लेझरने नाव काढायचं ठरलं. "मी येते प्रत्येक वेळी सोबत," कल्पिता म्हणाली. पहिल्या वेळी गेलीही. जयाच्या कातडीचा जळका वास आला तेव्हा बाहेर बाकावर येऊन बसली. त्यानंतर तिची ड्युटी यायची, नाहीतर ऐनवेळी बोलावतील म्हणून स्टँडबाय यायचं, आणि कधीकधी काहीच नसायचं तरी ती आहे म्हणायची. जयाने थोडे दिवस केलं, मग सोडून दिलं. नाव फिकं झालं, पण गेलं नाही. तोवर कल्याणच्या त्याच इन्स्टिट्यूटने जयाला शिकवायला ठेवून घेतलं होतं.

तिथून कल्पिताची खरी शिक्षा सुरू झाली. तिच्या विमानात नव्या पोरी यायला लागल्या. अंबाडा मधोमध, खांदे सरळ, घोषणा खणखणीत. विचारलं की उत्तर एकच: "कल्याणला होते मॅम. जया मिसनी शिकवलं."

समृद्धी म्हणून डोंबिवलीची एक पोरगी तर शेजारच्या खुर्चीवर बसून सांगायला लागली, "मिसचं स्वतःचं सिलेक्शन एका टॅटूमुळे राहिलं, माहितीये मॅम? मैत्रिणीचं नाव होतं म्हणे."

"कुठल्या मैत्रिणीचं?" कल्पिताने विचारलं. छातीवर तिच्या नावाची पट्टी होती.

"ते नाही सांगत मिस. फुल बाह्या घालून येतात. आम्ही खूप मागे लागलेलो, पण नाय म्हणजे नायच."

चाकं जमिनीवरून सुटली. कल्पिताला वाटलं, या पोरीला सांगून टाकावं. मग वाटलं, कशाला?

आणि अशात ती संधी आली. कंपनी ठाण्याच्या एका हॉटेलात नव्या मुलींची निवड करणार होती. ऐश्वर्या मॅडम, कल्पिताच्या वरिष्ठ, म्हणाल्या की या वेळी पॅनलवर तू बस. काम जमलं तर निवडीच्या टीममध्ये कायमची घेऊ. "हात, त्वचा, ग्रूमिंग तुझ्याकडे. आणि कोणी ओळखीचं येणार असेल तर आधी सांगायचं. मग त्या मुलीला दुसरं पॅनल बघेल."

"हो मॅम," कल्पिता म्हणाली, आणि तिच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. हात तिच्याकडे होते!

माफी मागायची लाज वाटली की माणसं उपकार करायला निघतात. कल्पिता दुसऱ्याच दिवशी टिटवाळ्याला गेली. भोईरांच्या चाळीच्या जागी आता टॉवर होता, आणि जयाचं बिऱ्हाड टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये गेलं होतं. जया मुलींच्या परीक्षेचे पेपर तपासत बसली होती.

"येडी आहेस काय?" ऐकून जया हसली. "माझं वय बघ. वयाची अट आता संपेल. अजून थोड्या वर्षांनी मी विमानात चढले तर पोरी मला हात धरून चढवतील."

"संपेल ना? संपली नाही ना? मग हीच वेळ आहे."

"आणि हे?" जयाने बाही वर केली. फिकट, राखाडी, पण वाचता येत होतं.

"थोडा मेकअप लाव. मेडिकल तपासणीला वेळ असतो, तोवर राहिलेलं काढून घेऊ. मी येते तुझ्यासोबत. या वेळी खरंच येते."

"पण त्या दिवशी हात कोण बघणार?"

"मी."

जयाने पेपर बाजूला सारले. पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. एवढी वर्षं झाकून ठेवलेलं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर हळूहळू वर आलं आणि ते बघून कल्पिताला रडू यायला लागलं.

"नक्की ना गं?" जयाने विचारलं.

"नक्की. देवीची..."

"शपथ नको घालूस," जया म्हणाली. "तू नुसतं हो म्हण."

"हो," कल्पिता म्हणाली.

ओळखीचं कोणी येणार आहे हे तिने ऐश्वर्या मॅडमना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जया दुसऱ्या टेबलावर गेली असती, आणि दुसऱ्या टेबलावर दुसरी कोणी टिश्यू घेऊन बसली असती. हे कारण खरंच होतं. पण ते मनात घोळवताना तिला पहिल्यांदाच भीतीही वाटली, आणि ती भीती जयासाठी नव्हती.

निवडीच्या दिवशी ठाण्याच्या त्या हॉटेलचा हॉल मुलींनी भरून गेला. कल्पिताच्या टेबलावर ओल्या टिश्यूचा डबा. एकेक मुलगी हात पुढे करायची. कल्पिता नखं बघायची, कोपर बघायचा, मनगट उलटं करायची. शंका आली तरच टिश्यू. सकाळभर तिने टिश्यू फार वापरला नाही.

रांगेत मध्येच जया दिसली. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट, हात उघडे. तिच्या पुढे-मागे तिच्याच विद्यार्थिनी होत्या. मिस पण आल्यात म्हणून त्यांना कोण आनंद झाला होता! जया त्यांना हळू आवाजात काहीतरी सांगत होती, एकीची कॉलर सरळ करत होती. भिंतीवरच्या खुणेच्या वर तिची बोटं आजही सहज गेली. कल्पिताने मनाशी उजळणी केली: हात धरायचा, उलटा करायचा, 'ओके' म्हणायचं, पुढे पाठवायचं. यात कठीण काय आहे? काहीच नाही.

जया समोर आली. तेवढ्यात ऐश्वर्या मॅडम कॉफीचा कप घेऊन कल्पिताच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"कसं चाललंय?" त्यांनी विचारलं.

"छान, मॅम," कल्पिता म्हणाली. मागे वळली नाही.

मॅडम जयाकडे बघत होत्या की हॉलभर नजर फिरवत होत्या, ते कल्पिताला आजही माहीत नाही. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी काही सांगितलं नाही. हे तिने नंतर कितीतरी वेळा आठवून बघितलं, एखादा शब्द, एखादं खाकरणं तरी सापडतंय का म्हणून. नाही सापडत. मागे फक्त कॉफीचा वास होता.

जयाने हात पुढे केला. कल्पिताने तो उलटा केला. मेकअप सुंदर बसला होता, अंधेरीच्या इंटरव्ह्यूसारखा थापलेला नाही. शिकवणाऱ्या बाईचा हात होता तो. कोणालाही काही दिसलं नसतं. आणि कल्पिताच्या हाताने डब्यातला टिश्यू ओढला.

जयाने हात मागे घेतला नाही. ती फक्त कल्पिताकडे बघत राहिली. एकदा पुसलं. कातडीवर सावली आल्यासारखं झालं, तेवढंच. इथे थांबता आलं असतं. डाग आहे, उन्हाचा आहे, काहीही म्हणता आलं असतं. कल्पिताने परत पुसलं, जोर लावून. पॅनलवरची एक चांगली, चोख बाई पुसेल तसं.

ऐश्वर्या मॅडम वाकल्या. "क... ल्पि... ता," त्यांनी वाचलं, मग कल्पिताच्या छातीवरच्या पट्टीकडे बघितलं. "अरे, सेम नेम! ओळखता का एकमेकींना?"

कल्पिताचं तोंड उघडलं. नोकरीने शिकवलेलं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं.

"नाही मॅम," जया म्हणाली. आवाज शांत, गच्चीवरच्या घोषणेसारखा स्पष्ट. "दहावीत जत्रेत काढलेलं. मशीनवाल्याने घोळ घातला. नाव दुसरीचं होतं, माझ्या हातावर आलं."

"ओह, बिचारी!" मॅडम हसल्या आणि कप घेऊन पुढच्या टेबलाकडे गेल्या.

आता तरी काही बोलायचं होतं. मॅडम चार पावलांवर होत्या, हाक मारली असती तर थांबल्या असत्या. कल्पिताने समोरच्या कागदावर खूण केली आणि सकाळपासून प्रत्येक नाकारलेल्या मुलीला म्हटलेलं वाक्य म्हटलं. "सॉरी. आम्ही तुम्हाला पुढच्या राउंडला घेऊ शकत नाही."

"थँक यू, मॅम," जया म्हणाली.

मॅम! कल्पिताच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. जयाने फाइल उचलली, रांगेतल्या आपल्या पोरींकडे वळली. त्या रडवेल्या झाल्या होत्या. "ए, तोंडं काय पाडता?" ती म्हणाली. "खांदे सरळ. हसा बघू. नावाला लाज आणू नका माझ्या." आणि ती दाराकडे चालत गेली, तिने शिकवलेल्या सगळ्या मुली चालतात तशी, मान ताठ ठेवून. त्यातल्या काही मुली त्या दिवशी निवडल्या गेल्या. कल्पिताला निवडीच्या टीममध्ये कायमचं घेतलं. चोख काम करते म्हणून.

त्यानंतर कल्पिताला झोप लागेना. घरी लक्ष्मीने विचारलं, "काय झाला गो तुना?" तर हिने डोकं दुखतं म्हणून सांगितलं. फोन हातात घ्यायची, जयाचं नाव काढायची, ठेवायची. जयाचा मात्र चतुर्थीला नेहमीसारखा मोदकांचा फोटो आला. खाली लिहिलेलं: येऊन जा.

नवरात्रात ती एकटीच टेंभी नाक्याला गेली. देवीपुढे हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. मग गल्लीत शिरली. मशीनवाला आता दुसरा होता, मशीन नवीन होतं. कल्पिता स्टुलावर बसली. या वेळी ती मागे सरली नाही, डोळे मिटले नाहीत. दोन अक्षरांचं काम, बघता बघता झालं. दुखलं, आणि दुखलं म्हणून तिला बरं वाटलं. शपथ उशिरा का होईना, फिटली.

तशीच ती टिटवाळ्याला गेली. दारातच तिचा बांध फुटला. "जया, मी पुसायला नको होतं गं. कोणी सांगितलं नव्हतं मला. मी स्वतःहून पुसलं."

"आत ये आधी," जया म्हणाली. तिला बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. "त्या मागे उभ्या होत्या ना. तू तरी काय करणार? तुझी नोकरी आहे ती."

"तू खोटं का बोललीस?"

"मग काय बोलायचं होतं? दोघींचं घालवायचं?" जयाने चहाचा कप तिच्या हातात दिला. "एकीचं तरी राहिलं."

कल्पिताने कप खाली ठेवला. "तुला एक दाखवायचंय," ती म्हणाली आणि कुर्त्याचा गळा एका बाजूला सारून डावा खांदा उघडा केला. खांद्याच्या मागच्या बाजूला, अजून लालसर, सुजलेलं: जया.

जया बघत राहिली. मग जवळ आली आणि अक्षरांना न दुखवता बाजूने बोट फिरवलं. तिचे डोळे भरले. "खरंच काढलंस? देवीच्या इथे?"

"हो."

"दुखलं?"

"थोडं."

"भित्री भागूबाई," जया म्हणाली आणि दहावीतल्यासारखी फुंकर मारायला लागली. मग फुंकर मारता मारताच थांबली, आणि सुटल्यासारखा मोठा श्वास सोडला. "बरं केलंस पण, खांद्यावर काढलंस ते. दाखवायचंय म्हणालीस तेव्हा धस्स झालं मला. म्हटलं, ही येडी हातावर काढून आली की काय! नोकरी गेली असती ना गं तुझी."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. कल्पिताने नीट ऐकलं, शोधलं, कारण टोमणा असता तर सोसला असता. जयाला खरोखरच हायसं वाटलं होतं.

"मग हातावर का नाही काढलंस? आठवलं ना वेळेवर नोकरीचं?" जयाने हसत विचारलं.

"हो," कल्पिता म्हणाली आणि कुर्ता वर ओढून घेतला. हे 'हो'सुद्धा खोटं होतं. आठवावं लागलंच नव्हतं. स्टुलावर बसल्या बसल्या तिने आपण होऊन खांदा पुढे केला होता. हाताचा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.